धर्माचा रकाना, जातीचा रकाना

१९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या होती ४४ लाख ८० हजार. १९९१ मध्ये ती ८७ लाख ५८ हजार झाली. एकूण लोकसंख्येतला वाटा ७.१४ टक्क्यांवरून ११.०९ टक्क्यांवर गेला. राज्याची लोकसंख्या त्या दशकात पावणेसव्वीस टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे सरळ हिशेबानं हा आकडा ५६ लाखांच्या आसपास यायला हवा होता. मग वरची तीसेक लाख माणसं आली कुठून?

कुठूनच नाही. ती इथंच होती. औरंगाबादच्या भावसिंगपुऱ्यात, उस्मानपुऱ्यात, पैठण-गंगापूरच्या गावांत. १९५६ नंतर ती बौद्ध झाली आणि सरकारी कागदावर अनुसूचित जातींच्या बाहेर पडली. जून १९९० मध्ये कायद्यातल्या एका वाक्यात दोन-चार शब्दांची भर पडली आणि ती पुन्हा आत आली. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या त्याच औरंगाबादेत सेतू केंद्राच्या रांगेत उभा असलेला बौद्ध विद्यार्थी ज्या कागदांची थप्पी घेऊन आलेला असतो, तिचं सगळं गणित त्या वाक्यात आहे. धर्मांतराच्या चळवळीवर लिहिलं-बोललं पुष्कळ गेलं. पण या चळवळीचं सरकारी दप्तराशी जे भांडण सत्तर वर्षं चाललं आहे, ते नेमकं कशावरून आहे हे शांतपणे उलगडून सांगणारा माणूस कचेरीत सहसा भेटत नाही.

सुरुवात १० ऑगस्ट १९५० पासून. त्या दिवशी राष्ट्रपतींनी संविधान (अनुसूचित जाती) आदेश काढला. कुठल्या राज्यात कोणत्या जाती 'अनुसूचित' हे त्यात लिहिलेलं आहे. त्याचा तिसरा परिच्छेद सांगत होता की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातल्या चार शीख जातींना तेवढी सूट होती. यामागचं सरकारी तर्कशास्त्र असं की अस्पृश्यता ही हिंदू समाजरचनेतली गोष्ट, धर्म सोडला की तीही सुटली. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की धर्म बदलल्यावर विहीर बदलत नाही. पण आदेश काढताना त्याला कुणी विचारलं नाही.

१९५६ मध्ये दुरुस्ती होऊन सगळ्या शिखांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी, दीक्षेनंतर अडीच आठवड्यांनी. म्हणजे इथल्या माणसाचं राज्य आणि धर्म दोन्ही एकाच हंगामात बदलले, आणि दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत वेगवेगळ्या वेळी चढल्या. ही अडचण पुढं नातवंडांपर्यंत पोहोचली. तिच्याकडे नंतर येऊ.

१९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजार. जगाच्या धार्मिक इतिहासात दहा वर्षांत इतकी मोठी उडी क्वचितच मोजली गेली असेल. पण तिची दुसरी बाजू त्याच जनगणनेत आहे: अनुसूचित जातींचा आकडा २२ लाख २७ हजार, एकूण लोकसंख्येच्या ५.६३ टक्के. प्रगणकाला 'बौद्ध' असं अभिमानानं सांगणाऱ्या प्रत्येक घरानं, माहीत असो वा नसो, दुसऱ्या यादीतून आपलं नाव कमी करून घेतलं होतं.

राज्य सरकारनं यावर आपल्यापुरता तोडगा काढला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या अखत्यारीतल्या सवलती देण्याचा निर्णय झाला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राज्याच्या नोकऱ्या. योजनांच्या नावात आजही दिसणारं 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे जोडनाव त्याच व्यवस्थेतून रुळलं. 'नवबौद्ध' हे संबोधन अनेकांना पटत नाही, साठ-सत्तर वर्षांनंतरही कुणी 'नव' कसा राहतो हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण शासन निर्णयात एकदा घुसलेला शब्द काढणं सोपं नसतं. ज्या शहरात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळण्यात १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं गेली, तिथं हे वेगळं सांगायला नको.

राज्याला जे देता येत नव्हतं ते मात्र मोठं होतं: केंद्राच्या नोकऱ्या आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा. इथं वाद थेट न्यायालयात गेला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डी. पी. मेश्राम नागपुरातल्या राखीव जागेवरून निवडून आले. हरकत घेणाऱ्या पंजाबरावांचं म्हणणं, हे तर बौद्ध झालेत, राखीव जागा लढवूच शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. न्यायालयाच्या मते माणसानं लोकांसमोर जाहीरपणे आपला धर्म सांगितला की तो त्या धर्माचा झाला. मनातून किती झाला, विधी किती यथासांग झाला हे न्यायालय खणत बसणार नाही. चळवळीच्या दृष्टीनं हा चमत्कारिक पेच होता. दीक्षा खरी होती हे न्यायालयानं शिक्कामोर्तब करून दिलं, आणि त्याच शिक्क्यानं निवडणूक गेली.

याच्या आधीचा एक खटला फारसा कुणाला आठवत नाही, पण मला तो जास्त बोलका वाटतो. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. ते महार, पण महानुभाव पंथाचे अनुयायी. चक्रधरस्वामींनी पैठणसारख्या गावांत ज्या पंथाचा पाया घातला तोच हा पंथ. जातिभेद न मानणारा, म्हणून शतकानुशतकं संशयानं पाहिला गेलेला. पंथात गेला म्हणजे महार राहिला नाही, असं धरून त्यांचा अर्ज फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. १९५४ मध्ये न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तीन गोष्टी तपासल्या: जुन्या जातीनं त्याला बाहेर काढलं का, त्याचा स्वतःचा इरादा काय होता, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवऱ्यांची सोयरीक महारांतच झाली होती, जातीनं त्यांना टाकलं नव्हतं, म्हणून ते महारच, असा निकाल लागला. ती निवडणूक रद्द झाली. पोटनिवडणूक १९५४ मध्येच झाली आणि तिथल्या राखीव जागेसाठी उभे राहिले स्वतः डॉ. आंबेडकर. ते हरले. जिथून पंथ बदलून जात राहते की जाते हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याच मतदारसंघात उभ्या राहिलेल्या माणसानं अडीच वर्षांनी धर्मच बदलला.

१९९० हे वर्ष आंबेडकर जन्मशताब्दीचं. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारनं त्या वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न दिलं आणि १९५० च्या आदेशात दुरुस्तीही केली. 'हिंदू व शीख' यांच्या शेजारी 'बौद्ध' हा शब्द आला. अंमल ३ जून १९९० पासून. पुढच्या वर्षी जनगणना झाली आणि सुरुवातीला सांगितलेला आकडा उडाला.

त्या आकड्याला जागांचं रूप यायला आणखी सतरा-अठरा वर्षं लागली, कारण मतदारसंघांची फेररचना गोठवलेली होती. २००८ मध्ये २००१ च्या जनगणनेवरून ती झाली तेव्हा महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या, लोकसभेत ३ वरून ५. त्या वाढीतली एक जागा याच शहरातली, औरंगाबाद पश्चिम. ती २००९ पासून राखीव आहे. हे सांगायचं कारण, 'रकान्यात काय लिहिलं यानं काय फरक पडतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

इथपर्यंत कायदा झाला. आता दाखला. कायदा बदलला म्हणून दाखला आपोआप मिळत नाही, आणि लोकांची दमछाक होते ती इथं.

जातीचा दाखला देतात उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब. अर्ज जातो सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. शिक्षणाच्या राखीव जागा, नोकरी किंवा निवडणूक यांसाठी मात्र नुसता दाखला पुरत नाही; तो जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून तपासून घ्यावा लागतो, त्याला आपण 'व्हॅलिडिटी' म्हणतो. हे सगळं महाराष्ट्राच्या २००१ च्या तेविसाव्या अधिनियमाखाली आणि २०१२ च्या नियमांखाली चालतं. त्या अधिनियमाचं कलम ८ प्रत्येक पालकानं एकदा वाचावं: आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. सरकारनं तुम्ही नाही हे दाखवायचं नाही, तुम्ही आहात हे तुम्ही दाखवायचं.

दाखवायचं कशानं? अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक आहे तोच १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेला किंवा तिच्या आधी तुमचं घराणं या राज्याच्या हद्दीत राहत होतं आणि कोणत्या जातीचं म्हणून नोंदलं गेलं होतं, हे कागदानं सांगायचं. इतर मागासवर्गीयांना ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. बौद्धांच्या बाबतीत तिढा उघड आहे. दीक्षा १९५६ ची, पुरावा १९५० चा. म्हणजे 'बौद्ध' असल्याचा सरकारी लाभ मिळवायचा तर पूर्वज बौद्ध नसतानाचा कागद शोधायचा.

एक काल्पनिक घर घेऊ, फुलंब्री तालुक्यातल्या एखाद्या गावचं. पणजोबा शेतमजूर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आजोबा १९४९ मध्ये गावच्या शाळेत पहिलीत बसले. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांच्या नावापुढं जात 'महार'. वडिलांचा प्रवेश १९७१ चा, मास्तरांनी लिहिलं 'हिंदू महार'. आत्याचा प्रवेश १९७४ चा. तोवर गावात विहार उभा राहिला होता, नवे मास्तर मिलिंद महाविद्यालयात शिकून आलेले. त्यांनी लिहिलं 'बौद्ध'. फक्त 'बौद्ध', जात कोरी. आता २००८ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे आणि त्याला इंजिनिअरिंगला जायचं आहे.

या घरात पुराव्याच्या दृष्टीनं सोन्याचा कागद कोणता? आजोबांचा. तो १९५० च्या आधीचा, जात स्पष्ट. वडिलांचा चालेल, जोड म्हणून. आत्याचा जो कागद घरात सर्वांत अभिमानानं दाखवला जातो, तो एकटा असता तर समितीनं विचारलं असतं: बौद्ध खरं, पण कोणत्या जातीतून? कारण कायद्यानं सगळे बौद्ध अनुसूचित जातीचे नाहीत. अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेले आणि त्यांची मुलं-नातवंडं तेवढी आहेत. लडाखचा बौद्ध नाही, ब्राह्मण किंवा ओबीसी घरातून बौद्ध झालेला नाही. म्हणूनच राज्याच्या नमुन्यात धर्मांतरित बौद्धांसाठी वेगळा दाखला आहे आणि तो मुळात कोणत्या अनुसूचित जातीतून धर्मांतर झालं याच्याशी बांधलेला आहे. महाराष्ट्राच्या ५९ जातींच्या यादीत ३७ व्या क्रमांकाची नोंद 'महार, मेहरा, तराळ, धेगू-मेगू' अशी आहे. बहुतेक बौद्ध घरांची वाट शेवटी त्या ३७ व्या ओळीवरून जाते.

आता मराठवाड्याची खास अडचण. पश्चिम महाराष्ट्रात ब्रिटिश काळापासूनची कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षात बऱ्यापैकी मिळतात आणि त्यांत जातीचा रकाना असतो. इथं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. महसुली कागद उर्दूत, काही मोडीत, बरेच जीर्ण झालेले किंवा जागचे हललेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती आली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला कळलं की मराठवाड्यात जुनी नोंद सापडवणं म्हणजे काय. इथल्या बौद्धांना ते आधीपासून माहीत होतं. १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक हे हाताला लागणारे नेहमीचे महसुली कागद, पण त्यांचा उपयोग ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना. भूमिहीन घराचं नाव तिथं असायचं कारणच नाही. महारकीचं वतन असलेल्या घरांना मात्र वतनाचे कागद सापडतात, आणि जे वतन म्हणजे गुलामीचं जोखड म्हणून बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं, त्याचाच उतारा आज नातवाच्या उपयोगी पडतो.

म्हणून पुराव्याची सुरुवात शाळेपासून करावी. आजोबा-पणजोबांपैकी कुणी एक वर्ष जरी शाळेत गेलं असेल तर त्या शाळेतून निर्गम उतारा मागायचा. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर मुख्याध्यापक रजिस्टर पाहून देतात. चुलत आजोबांचा चालतो, कारण नातं वडिलांच्या बाजूचं आहे. आईच्या माहेरचा कागद सहसा चालत नाही, आणि याच्यावरून दर उन्हाळ्यात खिडकीवर वाद होतात. मग वंशावळ. ती नमुना ३ मधल्या शपथपत्रावर लिहायची आणि पुराव्यातलं प्रत्येक नाव तिच्यात बसायला हवं. 'भिका' आणि 'भिकाजी', 'सखाराम' आणि 'सख्या' हे एकच, हे तुम्हाला माहीत असतं, समितीला नसतं. त्या काळच्या लिहिणाऱ्यांनी या वस्तीतल्या माणसांची नावं किती तुटक, अरे-तुरेच्या रूपात लिहून ठेवली आहेत हे रजिस्टर चाळलं की दिसतं. दोन रूपं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्रात आधीच लिहून टाकावं. आणि घरात वडिलांच्या बाजूला कुणा सख्ख्या-चुलत्याची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ती पहिल्या पानावर लावावी. तितका भक्कम पुरावा दुसरा नाही.

समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. पोलीस खात्यातला अधिकारी गावात येतो, शाळेचं मूळ रजिस्टर पाहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. या पथकाचा मूळ हेतू बोगस दाखले पकडण्याचा. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्या आणि दक्षता पथकं सांगितली ती आदिवासींच्या खोट्या दाखल्यांमुळे. पण विहारासमोरच्या घरात येऊन 'तुम्ही महारच ना?' असं अधिकाऱ्यानं विचारणं आणि आजीनं मान डोलावणं, यात त्या घराला काय वाटत असेल याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. ज्या ओळखीतून बाहेर पडायला धर्म बदलला ती ओळख तीन प्रतींत साक्षांकित करून द्यावी लागते. समाजातल्या काही मंडळींनी म्हणूनच दाखले काढलेच नाहीत. मला त्यांचा बाणेदारपणा समजतो, पण त्यांच्या मुलांनी फी भरताना काय केलं हेही विचारलं पाहिजे.

आणखी एक गाठ केंद्राच्या नोकरीची. राज्याच्या भरतीत १३ टक्के आरक्षण 'अनुसूचित जाती व अनुसूचित जातीतून धर्मांतरित बौद्ध' यांना एकत्र आहे, त्यामुळे राज्याचा दाखला इथं निमूट चालतो. रेल्वे, बँक, केंद्रीय खात्यांच्या नमुन्यात मात्र जातीच्या नावासाठी रिकामी जागा असते आणि ते नाव राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत असावं लागतं. यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात नाही, असूही शकत नाही. तिथं 'बौद्ध' एवढंच लिहिलेला दाखला दिला की मुलाखतीच्या टेबलावर अडतो. दाखला काढतानाच राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही नमुने मागून घ्यावेत, आणि केंद्राच्या नमुन्यात मूळ जात यादीतल्या शब्दांत लिहिली आहे ना हे खिडकीवरून हलायच्या आत पाहावं. ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद देतानाही हाच प्रश्न येतो, कारण त्या कायद्याचं संरक्षण फिर्यादी अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असल्यावर अवलंबून आहे.

दाखला ही एका माणसाची नोंद, जनगणना ही समाजाची. लोक या दोन्ही एकच समजतात आणि तिथून अफवा सुरू होतात. 'जनगणनेत बौद्ध लिहिलं तर आरक्षण जाईल' ही त्यातली सर्वांत जुनी. १९६१ किंवा १९८१ मध्ये तिच्यात तथ्य तरी होतं, निदान जागांच्या हिशेबापुरतं. १९९० नंतर नाही. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की प्रगणकाच्या नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. जनगणनेत लिहिलेल्या ओळीनं ना तुमचा दाखला मिळतो, ना रद्द होतो.

२०११ च्या जनगणनेच्या प्रश्नपत्रिकेत सातवा प्रश्न धर्माचा होता. हिंदू १, मुस्लीम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६ असे संकेतांक. आठवा प्रश्न अनुसूचित जाती-जमातीचा, आणि 'होय' म्हटल्यावर जातीचं नाव. सूचना अशी की १, ४ किंवा ५ असेल तरच अनुसूचित जात लिहायची. म्हणजे सातव्यात 'बौद्ध' आणि आठव्यात यादीतली जात, असं दोन्ही एका ओळीत बसतं. कायदा अडवत नाही. तरी काय झालं पाहा. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार, देशातल्या ८४ लाखांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले ५२ लाख. राहिलेल्या सुमारे १३ लाखांत इतर समाजांतून आलेले काही असतील, पण 'आम्हाला जात नाही' असं सांगून आठवा रकाना नाकारणारेही असणार. उलट बाजूला, विहारात जाणारी, बुद्धवंदना म्हणणारी किती घरं 'हिंदू महार' म्हणून नोंदली गेली हा चळवळीचा कायमचा आक्षेप आहे. प्रगणक बहुतेक शाळेचे शिक्षक, दिवसभराची शाळा करून फिरणारे. आडनाव ऐकून धर्म स्वतःच लिहिण्याची खोड काहींना असते, आणि घरातलं माणूसही जुन्या भीतीनं किंवा 'काय लिहायचं ते लिहा' म्हणून सोडून देतं.

शहराचा आकडा बोलका आहे. २०११ मध्ये औरंगाबाद महापालिका हद्दीतल्या पावणेबारा लाख लोकांत बौद्ध १५.१७ टक्के, म्हणजे पावणेदोन लाखांच्या घरात. राज्याची सरासरी ५.८१. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय काढलं, नागसेनवनाचा शैक्षणिक परिसर उभा राहिला, चारही बाजूंची मुलं शिकायला आली आणि नोकरीला लागून इथंच राहिली. शिकलेल्या घरात रकाना स्वतः वाचून भरला जातो, एवढा तर्क मी करतो.

सरकारी दप्तरात बौद्ध कोण, याचं एकच उत्तर नाही हेही सांगितलं पाहिजे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या एका स्पष्टीकरणात हिंदूंच्या उल्लेखात शीख, जैन, बौद्ध धरले आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे. १९९३ च्या अधिसूचनेनं बौद्ध अल्पसंख्याक ठरले. आणि १९९० पासून त्यांतले बहुसंख्य अनुसूचित जातीचे. लग्नाच्या फायलीत हिंदूंबरोबर, अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या फायलीत वेगळा धर्म, नोकरीच्या फायलीत जात. गुजरातनं एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की तिथल्या धर्मांतरविरोधी कायद्यासाठी बौद्ध हा वेगळाच धर्म, आणि हिंदूंतून तिकडे जायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. दलित ख्रिश्चन आणि मुस्लीम यांना तर अजून आत घेतलेलंच नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढायला सांगितलं होतं, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदाचा वाद बौद्धांपुरता मिटला, परिच्छेद तसाच आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे. बौद्ध समाजात त्यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, धर्म बौद्ध आणि जात महार असं दोन्ही लिहा, नाहीतर संख्या फुटेल. दुसरं म्हणतं, दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर स्वतःच्या तोंडानं जात सांगायची नाही. पहिल्या मताचे लोक विधानसभेच्या २९ जागा आणि विकासनिधी मोजतात, दुसऱ्या मताचे दीक्षाभूमीवरच्या शब्दाची आठवण करून देतात. मला विचाराल तर धर्माच्या रकान्यात तडजोड नको. तो रकाना रिकामा किंवा चुकीचा राहिला तर चळवळच मोजली जात नाही. जातीच्या रकान्यात यादीतलं नाव लिहिणं म्हणजे जात मानणं नव्हे, १९५० ला राज्यानं कुणाला बाहेर ठेवलं होतं त्याची ती नोंद आहे. पण दुसऱ्या मताच्या घरानं तो रकाना नाकारला तर प्रगणकानं आपल्या मनानं तो भरू नये, एवढी हमी मात्र मिळाली पाहिजे. त्यासाठी साधा उपाय आहे: नोंद झाल्यावर 'धर्माच्या रकान्यात काय लिहिलंत, जातीच्या रकान्यात काय लिहिलंत' असं विचारून दोन्ही ओळी वाचून घ्यायच्या. मतदारसंघांची पुढची फेररचना ज्या जनगणनेवर होईल, तिच्यात औरंगाबाद पश्चिमसारख्या जागा राखीव राहतात की सरकतात हे त्या ओळींची बेरीज ठरवेल.